एकाच कोकणातून दोन दिशांना : मॉरिशसमधील मराठी समाज आणि इस्रायलमधील बेने इस्रायल



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात मी भूगोल शिकलो. नकाशावर एखादे गाव दाखविले की ते विचारीत, "इथून कोण बाहेर गेले? कशासाठी गेले? आणि तिथे त्यांना कोणत्या दाराने आत घेतले?" त्या वयात हा तिसरा प्रश्न मला विचित्र वाटे. आज मात्र वाटते की स्थलांतरित समाजाची सारी कहाणी त्या एका प्रश्नात सामावलेली आहे. म्हणून आजच्या विषयासाठी मी मराठी बोलणारे दोन समाज निवडले आहेत. दोघेही कोकणचे, दोघेही मुंबई बंदराशी बांधलेले. पण एकाला उसाच्या मळ्याच्या दाराने आत घेतले गेले, दुसऱ्याला नागरिकत्वाच्या दाराने. पुढे दोघांचे काय झाले, हे आपण ताडून पाहू.

पहिला समाज मॉरिशसचा. ब्रिटिश सत्तेखालील त्या बेटावर १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते, आणि ते हिंदुस्थानातून नेण्यास १८३४ मध्येच प्रारंभ झाला होता. पुढील पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का आज 'आप्रवासी घाट' या नावाने ओळखला जातो आणि २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. यांतील बहुतेक लोक कलकत्त्याहून व मद्रासहून गेले. मुंबईहून गेलेल्यांची संख्या सर्वांत थोडी, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील कुळवाडी व मजूर वर्ग मोठा होता. करार पाच वर्षांचा, मजुरी महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत होती. परतीचा प्रवास मोफत देण्याची अट १८५० नंतरच्या थोड्याच वर्षांत काढून टाकण्यात आली, आणि गेलेला माणूस बहुधा तिथलाच झाला. १८६७ च्या कायद्याने, करार संपलेल्या मजुरालाही आपले छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला तर तुरुंग. अर्ज-विनंत्यांनंतर १८७२ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग आला, तेव्हा कुठे जगाला ही स्थिती कळली.

दुसरा समाज बेने इस्रायलांचा. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, शेकडो वर्षे राहिलेले हे मराठीभाषी यहुदी. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' असे नाव दिले. अठराव्या शतकापासून ते मुंबईत येऊ लागले. कंपनीच्या पलटणींत त्यांच्यातील कित्येक देशी अधिकारी झाले. अशाच एका अधिकाऱ्याने, सामाजी हसाजी दिवेकर यांनी, १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने समाजाची स्वतंत्र शाळा निघाली. शिक्षणामुळे रेल्वे, टपाल, जकात, इस्पितळे आणि शाळा यांतून हा समाज स्थिरावला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेने इस्रायल म्हणजे पगारदार, इंग्रजी जाणणारा, मराठीत बोलणारा मध्यमवर्ग, असे सर्वसाधारण चित्र झाले होते.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र निर्माण झाले आणि १९५० च्या परतीच्या कायद्याने जगातील कोणत्याही यहुद्याला तिथे येण्याचा अधिकार दिला. तेव्हा भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. पुढील दोन दशकांत त्यांतील बहुसंख्य तिकडे गेले. त्यांना भारताने हाकलले नव्हते. हे आवर्जून सांगितले पाहिजे. ते श्रद्धेने गेले, आणि उतरताक्षणीच नागरिक झाले. मॉरिशसच्या मजुराला जे मिळण्यास तीन पिढ्या लागल्या, ते यांना पहिल्याच दिवशी मिळाले.

मग बेने इस्रायलांची स्थिती सर्वच बाबतीत वरचढ ठरली का? इथे विद्यार्थ्यांनी सावध व्हावे. आर्थिक स्थिती आणि सामाजिक प्रतिष्ठा ही दोन बैले एकाच जुवाला बांधलेली असली, तरी ती नेहमी बरोबर चालतात असे नाही.

प्रथम आर्थिक बाजू पाहू. मॉरिशसचा मजूर शून्यातून निघाला. त्याला वर जाण्याची वाट दोन गोष्टींनी मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव कोसळले, तेव्हा मळेवाल्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे पाडून विकण्यास सुरुवात केली. हिंदी मजुरांनी दागिना-दागिना आणि पैसा-पैसा जोडून ते तुकडे घेतले. कालचा मळ्यावरचा गडी स्वतःच्या उसाचा लहान बागायतदार झाला. दुसरी गोष्ट शाळा. जमिनीच्या उत्पन्नातून मुले शिकली. शिक्षक, पोलीस, कारकून झाली. १९७७ पासून माध्यमिक शिक्षणही मोफत झाले. आज तिथला मराठी माणूस सरकारी नोकरीत, व्यापारात आणि विधिमंडळातही दिसतो. हा चढ लांब आणि मंद, पण पायरीपायरीने झालेला आहे.

बेने इस्रायलांचा प्रवास उलट्या दिशेने सुरू झाला. मुंबईत टेबलाशी बसून काम करणारा माणूस तिथे नव्या वसाहतींत पाठविला गेला: दक्षिणेच्या वाळवंटातील दिमोना, बीरशेबा, तसेच अश्दोद, लोद, रामले. त्याला इंग्रजी येत होते, मराठी येत होती. हिब्रू बोलता येत नव्हते. कारकुनीचे दार भाषेने बंद केले आणि गिरणीचे, कारखान्याचे दार उघडे राहिले. दिमोनात कापडगिरण्या होत्या. तिथे बायका-पुरुष यंत्रांवर उभे राहिले. म्हणजे नागरिकत्व मिळाले, पण हाती होती ती पायरी सुटली. ती परत मिळविण्यास मुलांच्या पिढीपर्यंत थांबावे लागले. ती मुले हिब्रूत शिकली, सैन्यात गेली आणि पुढे परिचर्या, अभियांत्रिकी, शासकीय सेवा अशा क्षेत्रांत शिरली.

आता प्रतिष्ठेची बाजू. १९५१-५२ मध्येच तिथल्या काही बेने इस्रायलांनी भेदभावाची तक्रार करीत तेल अवीव येथे बैठा सत्याग्रह केला आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. गांधीजींच्या देशातून गेलेल्या माणसांनी गांधीजींचेच साधन वापरले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. काहीजण खरोखरच परत आले. त्याहून खोल जखम पुढे झाली. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने सूचना काढली की, बेने इस्रायल वधू वा वराचा विवाह इतर यहुद्यांशी लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. विचार करा. शेकडो वर्षे ज्यांनी घाणा बंद ठेवून शनिवार पाळला, त्यांना विचारले गेले की तुम्ही खरे यहुदी कशावरून? कोकणात त्यांच्या शेजाऱ्यांनी हा प्रश्न कधी केला नव्हता. समाज एकवटला, जेरुसलेममध्ये धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव करून हे सर्व बाबतींत समान यहुदी आहेत असे जाहीर केले आणि धर्मपीठाला आपल्या सूचनेतून त्यांचे नाव काढावे लागले.

मॉरिशसमध्ये मराठी माणसाची लढाई एकट्याची नव्हती. भोजपुरी, तमिळ, तेलुगू बोलणाऱ्या लाखो मजुरांच्या बरोबरीने तो वर आला. १९०१ मध्ये गांधीजी त्या बेटावर थोडे दिवस थांबले होते; १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर तिथे मजुरांची वकिली करण्यास गेले. १९४८ च्या निवडणुकीत मताधिकाराला साक्षरतेची अट होती. ठरलेल्या भाषांपैकी एकीत साधे वाक्य लिहिता-वाचता आले की मत देता येई. तेव्हा बासदेव बिसुनदयाल यांच्या स्वयंसेवकांनी गावोगाव रात्री वर्ग घेऊन मजुरांना अक्षरे शिकविली, आणि अक्षराचे मत झाले. १९५९ मध्ये सार्वत्रिक मताधिकार आला, १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. मोठ्या समूहात असण्याचा हा लाभ. त्याची किंमतही आहे: मोठ्या 'हिंदू' गटात मोजले गेल्यामुळे अल्पसंख्य मराठी समाजाला आपले वेगळे नाव टिकविण्यासाठी सतत प्रयत्न करावे लागले. आज गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते. हे त्या प्रयत्नांचेच दृश्य फळ.

भाषेच्या बाबतीत तर हे दोन समाज एकमेकांचे आरसे आहेत. मॉरिशसमध्ये मराठी घरातून गेली. घरात क्रिओल बोलतात. पण ती मंदिरात, भजनात आणि शाळेत राहिली. सरकारी प्राथमिक शाळेत मुलाला पूर्वजांची भाषा म्हणून मराठी निवडता येते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्च शिक्षण मिळते, आणि २००८ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून मराठीभाषक संघ स्थापला. इस्रायलमध्ये याच्या उलट झाले. पहिल्या पिढीच्या घरात मराठी नांदती होती. मलिद्याचा विधी, कीर्तने, गप्पा, सारे मराठीत. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी काढले. पण शाळेत मराठी नव्हती. म्हणून आजीला येणारी भाषा नातीला समजते, आणि नातीच्या मुलीला समजतही नाही.

नावांचे तर आणखी नवल. मॉरिशसच्या नोंदवहीत मजुराचे नाव, बापाचे नाव, गाव, वय आणि एक क्रमांक लिहिला जाई. आडनावाचा रकाना नव्हता; त्यामुळे पणजोबांचे पाळण्यातले नावच पुढे कित्येक घराण्यांचे आडनाव झाले आणि गावाचे नाव वहीत अडकले. त्या वह्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. पणतू तिथे जाऊन आपले गाव शोधतात. इस्रायलमध्ये मात्र पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे अजून दारावरच्या पाट्यांवर आहेत. एकाने भाषेची शाळा राखली आणि गावाचे नाव गमावले. दुसऱ्याने गावाचे नाव राखले आणि भाषा निसटू दिली.

मंडळी, ही तुलना मी बेळगाव-निपाणीच्या मातीत उभा राहून करतो आहे, हे विसरून चालणार नाही. आपण कुठे गेलो नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची सीमा आपल्यावरून गेली आणि घरात बसल्या जागी आपण भाषिक अल्पसंख्य झालो. सीमेचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. न्यायालयाचे काम न्यायालय करील. पण त्याच १९५६ साली राज्यघटनेत ३५० (अ) हे कलम आले आणि अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितले गेले. कलम कागदावर असते. त्याला जीव बाकावर बसलेल्या मुलाने येतो. मॉरिशसचा धडा आपल्यासाठी हा आहे की घरातून गेलेली भाषाही शाळा धरून ठेवू शकते. इस्रायलचा धडा त्याहून कठोर आहे: केवळ घराच्या भरवशावर राहिलेली भाषा तीन पिढ्यांत परकी होते. आपल्या घरात मराठी आहे म्हणून शाळेची काळजी नको, असे मानणाऱ्या पालकांनी दिमोनाची आठवण ठेवावी. त्याचबरोबर हेही सांगतो की मुलाने कन्नड आणि इंग्रजी उत्तम शिकावे. हिब्रू येत नव्हते म्हणून मुंबईचा कारकून गिरणीत उभा राहिला. जिथे राहायचे तिथली भाषा ही भाकरीची भाषा असते. तिचा द्वेष करून आपली भाषा मोठी होत नाही.

आणि एक गोष्ट, जी गुरुजी आज असते तर त्यांनीच विचारली असती. आपणही कोणासाठी तरी दार आहोत. उद्यमबागेतील फाउंड्र्यांत दूरच्या प्रांतांतून आलेले कामगार आहेत. ऊसतोडीच्या हंगामात पाले ठोकून राहणारी कुटुंबे आपल्या शिवारात येतात. त्यांची मुले शाळेच्या फाटकापाशी उभी राहतात, तेव्हा आपण त्यांना कोणत्या दाराने आत घेतो? नोंदवहीतला क्रमांक म्हणून, की नाव-गाव विचारून? आपल्यावर झालेल्या अन्यायाची जाणीव दुसऱ्याच्या बाबतीत न्यायबुद्धी होऊन उतरली नाही, तर ती जाणीव नुसते गाऱ्हाणे ठरते.

दोन्ही समाजांत अधिक सुस्थितीत कोण, याचे उत्तर मी एका शब्दात देणार नाही. एकाला पोटाची पायरी आधी मिळाली, दुसऱ्याला हक्काची. मानाची पायरी मात्र कोणालाच आयती मिळाली नाही. ती दोघांनीही एकजुटीने आणि पाटी-पेन्सिलीने कमावली. या शाळेच्या इमारतीत बसून आपण याहून वेगळे काही शिकावे, असे मला वाटत नाही.

गुरुजींच्या स्मृतीस अभिवादन करतो.