व्हॅन कोणाच्या नावावर?

मी नवी मुंबईतल्या रबाळ्याहून बोलते आहे. आमच्याकडे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका बाजूला एम.आय.डी.सी.चे कारखाने आहेत आणि दुसऱ्या बाजूला जुनी गावठाणं. इथला एक बचत गट कारखान्यांत जेवणाचे डबे पोचवतो. रिक्षाचं भाडंच नफा खातं, म्हणून बैठकीत विषय निघाला की एखादी जुनी व्हॅन घ्यावी का. तुमच्याकडे डब्यांऐवजी पापड असतील, भाजी असेल, पण हिशेब तोच.

जुनी व्हॅन म्हटलं की डोळ्यांसमोर मारुतीची ओम्नी येते. ती 2019 मध्ये बनायची बंद झाली, पण जुन्या गाड्या अजून विकायला निघतात आणि गावच्या मेकॅनिकला तिचं इंजिन पाठ असतं. हे इंजिन पुढच्या सीटखाली असतं. म्हणजे समोरून धडक बसली तर चालवणाऱ्याच्या पायांपुढे नुसता पत्रा. स्वस्त आहे म्हणून हे विसरू नका.

गटाला पहिली गाडी दाखवायला आलेले गृहस्थ गोड बोलणारे होते. गाडी धुऊन चकाचक केलेली, भावही कमी. आर.सी. बघितली तर नाव भलत्याचंच! म्हणाले, "मी त्याच्याकडून घेतली. टीटी फॉर्मवर त्याची सही आहे, तुमचं नाव तेवढं भरा." गटातल्या एका मावशींनी विचारलं, "मग मूळ मालकाला फोन लावा ना." फोन काही लागला नाही, आणि गटाने तिथेच नमस्कार केला.

मावशींनी बरोबर केलं. कायद्याच्या नजरेत आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचं नाव, तो मालक. अशी गाडी चार हात फिरली आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी दप्तरातल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे. म्हणजे विकणाऱ्यानेही नाव बदलून दिल्याशिवाय झोपू नये. आणि घेणाऱ्याने पैसे मोजले तरी कागदावर ती कोणीच नसते. बँकेचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, हे एम-परिवाहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून दिसतं. दंडाच्या ई-चलन पावत्याही बघून घ्या. गाडीवरचा चासी नंबर आर.सी.शी स्वतः ताडून बघा. बोजा फिटलेला असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 हवाच.

दुसरी गाडी पांढऱ्या नंबरप्लेटची, 14 वर्षांची. पांढरी प्लेट म्हणजे घरच्या वापराची गाडी. तिच्यातून धंद्याचा माल न्यायचा आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. 15 वर्षं झालेल्या मोटारीची ही फी 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 झाली, वर पर्यावरण कर वेगळा. म्हणून गटाने पिवळ्या प्लेटची मालवाहू व्हॅन शोधली. ती महाग पडली. तिचा फिटनेस दाखला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी काढावा लागतो, हेही हिशेबात धरलं.

गाडी बघायला मेकॅनिक आपलाच न्या. सकाळी, इंजिन गार असताना जा. निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. पायाखालची मॅट उचलून गंज बघा, खाडीकाठच्या गाड्यांचा तर हटकून. सी.एन.जी. असेल तर टाकीची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झालीय का आणि आर.सी.वर तशी नोंद आहे का, तेही बघा.

खरा वाद पेटला तो नावावरून. एक ताई म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या नावावर करू, चालवणार तोच आहे. आपल्याला कुठे लायसन्स आहे?" मैत्रिणींनो, लायसन्स चालवायला लागतं, मालक व्हायला नाही! दहा बायकांच्या बचतीचे पैसे, आणि उद्या मुलाने गाडी विकली किंवा गहाण टाकली तर जाब कोणाला विचारायचा? मुलगा चांगलाच आहे. पण उद्या त्याचं लग्न होईल, गरजा वाढतील. दुसरी अडचण अशी की गट स्वतः नोंदणीकृत संस्था नसेल तर गटाच्या नावावर आर.सी. होणं अवघड जातं. बरीच चर्चा झाली, आवाजही चढले. शेवटी एका सभासद बाईंच्या नावावर गाडी घ्यायचं ठरलं. पैसे गटाचे आहेत असा ठराव इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या झाल्या, आणि स्टॅम्प पेपरवर करारही झाला. आर.सी.वर आता नॉमिनी नोंदवता येतो, तिथे दुसऱ्या सभासदाचं नाव दिलं. त्या बाईंच्या घरच्यांनाही करार वाचून दाखवला, हे मला फार आवडलं.

पैसे गटाच्या खात्यातून चेकने दिले, रोख नाही. फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याची सही समोर घेतली. घेणाऱ्याने 30 दिवसांत आर.टी.ओ.कडे जायचं असतं आणि विमा नावावर करायला 14 दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. थोडी रक्कम आर.सी. नावावर होईपर्यंत राखून ठेवली आणि तसं पावतीवर लिहिलं. विकणारे कुरकुरले, पण तयार झाले. नव्या नावाची आर.सी. बाईंच्या हातात पडली, त्या दिवशी त्यांचे उरलेले पैसे चुकते केले.