पायाची नाडी कोण बघणार? : अध्यक्षीय भाषण



छत्रपती संभाजीनगरात शरीररचनाशास्त्राची परिषद आहे आणि विषय रक्ताभिसरणाचा आहे म्हटल्यावर वक्त्याने नहरीचा दाखला द्यायचाच, अशी इथली रीत आहे. मीही ती मोडत नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून खडकी गावात, म्हणजे याच शहरात, आणलं. त्याच दशकात, १६१६ पासून, विल्यम हार्वे लंडनमध्ये शरीररचनेवर व्याख्यानं देऊ लागला होता. मलिक अंबर १६२६ साली गेला आणि हार्वेचं रक्ताभिसरणावरचं पुस्तक १६२८ साली आलं. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही.

पण नहरीची उपमा अर्ध्या वाटेपर्यंतच चालते. नहरीचं पाणी गावात वाटलं गेलं आणि तिथेच संपलं. ते परत डोंगरावर नेऊन सोडायची जबाबदारी कोणावर नव्हती. हार्वेच्या आधी चौदाशे वर्षं वैद्यकशास्त्र रक्ताबद्दल जवळपास हेच मानत होतं: यकृतात तयार होतं, अंगभर पसरतं, तिथेच खर्ची पडतं. हार्वेने साधा हिशेब मांडला. हृदय एका ठोक्याला जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्याला अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी गुणा. आकडा अंगातल्या एकूण रक्ताच्या पुढे जातो. इतकं रक्त खाल्लेल्या अन्नातून बनणं शक्य नाही, म्हणजे तेच ते फिरून परत येत असलं पाहिजे.

पुरावा त्याने हातावर दाखवला. आजही पहिल्या वर्षाच्या वर्गात तो प्रयोग करायला एक रबरी पट्टी आणि एखादा शेतकऱ्याचा मुलगा पुरतो, कारण त्याच्या हातावरच्या शिरा पुस्तकातल्या चित्रापेक्षा चांगल्या दिसतात. दंडाला पट्टी बांधायची. कोपराखाली शिरा फुगतात आणि मध्ये मध्ये गाठी दिसू लागतात. त्या झडपांच्या जागा. एका गाठीवर बोट दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने शिरेतलं रक्त वर, पुढच्या गाठीपलीकडे सारायचं. मधला तुकडा रिकामा राहतो, वरून भरत नाही. खालचं बोट उचललं की क्षणात भरतो. या झडपांचं वर्णन हार्वेचे पादुआमधले गुरू फाब्रिसियस यांनी १६०३ साली छापलं होतं, पण त्या कशासाठी आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. धमन्यांतून शिरांत रक्त जातं कसं, हे मात्र हार्वेलाही दिसलं नाही. केशवाहिन्या माल्पिगीने १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या. तोवर हार्वेला जाऊन चार वर्षं झाली होती.

परत येण्याची खरी अडचण आहे पायात. माणूस निश्चल उभा असला की घोट्यापाशी नीलेतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत चढतो. हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या स्तंभाचंच ते वजन. तोच माणूस चालू लागला की थोड्याच पावलांत दाब तिसाच्या आसपास किंवा त्याखाली येतो. हे काम पोटरीचं. सोलियस स्नायूच्या आत रुंद, पातळ भिंतींच्या नीला असतात. पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, रक्त वर ढकललं जातं; स्नायू सैल पडला की कातडीखालच्या नीलांमधलं रक्त छिद्रक नीलांवाटे आत ओढलं जातं. झडपा सगळ्या एकाच दिशेला उघडतात. म्हणून वाळूजच्या कारखान्यात पाळीभर एकाच जागी उभा राहणारा कामगार आणि बंदोबस्ताला चौकात उभा केलेला शिपाई, यांच्या पायांवर निळ्या गाठोळ्या येतात. भद्रा मारुतीला खुलताबादपर्यंत पायी जाणाऱ्याची पोटरी त्या मानाने सुखी असते. त्याच्या तळव्यांबद्दल पुढे बोलते.

हाताचं दुखणं वेगळं आहे. तळहातात धमन्यांच्या दोन कमानी आहेत, वरची मुख्यतः अल्नर धमनीची आणि खोल असलेली मुख्यतः रेडियल धमनीची. त्या एकमेकींना मिळालेल्या असतात, म्हणून एक बंद पडली तरी बहुतेकांची बोटं शाबूत राहतात. त्याच भरवशावर आज मनगटातून हृदयाची अँजिओग्राफी होते. हाताच्या शिरांवर खरा अत्याचार होतो तो सलाईनचा. आपल्याकडे अशक्तपणा वाटला की सलाईन, ताप आला की सलाईन, आणि पेशंटलाही ती लावल्याशिवाय डॉक्टर हुशार वाटत नाही. मग मूत्रपिंडं निकामी झाली आणि डायलिसिससाठी मनगटापाशी धमनी-नीला जोडायची वेळ आली की सर्जनला धड एक शीर सापडत नाही. मूत्रपिंडाचा रुग्ण डावखुरा की उजवा हे विचारून दुसऱ्या हाताच्या शिरा राखायच्या, एवढं तरी परिचारिकेला कोणीतरी सांगायला हवं.

पण आज मला बोलायचं आहे ते पायाच्या धमन्यांविषयी, आणि त्यासाठी तुम्हाला आपल्याच विभागात नेते.

देह आला की मांडीच्या मुळाशी छेद घेऊन फिमोरल धमनीत फॉर्मलिनचं द्रावण सोडतात. द्रावण जिथवर पोचतं तिथवर स्नायू घट्ट होतात. काही देहांत गुडघ्याखालचा एक पाय मऊच राहतो. विभागातला जुना परिचर पोटरी दाबून बघतो आणि म्हणतो, ‘मॅडम, याची लाइन बंद आहे,’ आणि मोठी सुई घेऊन तिथे जागोजागी द्रावण टोचतो. पुढे विद्यार्थी तो पाय उघडतात. पोस्टीरियर टिबियल धमनी आडवी कापताना पात्याखाली करकर आवाज येतो, भिंतीत कॅल्शियम साचलेलं असतं. आतली पोकळी जवळपास बुजलेली. विद्यार्थी वहीत लिहितो: पोस्टीरियर टिबियल धमनी, मार्ग नेहमीप्रमाणे. आणि पान उलटतो. घरच्यांनी देहदानाच्या वेळी सांगितलेलं असतं की शुगर होती, अंगठ्याची जखम भरत नव्हती. वहीतल्या त्या ओळीची आणि त्या जखमेची गाठ आपण कधीच घालून देत नाही. माझी तक्रार आहे ती ही.

आता जिवंत माणूस घ्या. मराठवाड्यातला पन्नाशीचा शेतकरी सांगतो, ‘चाललं की पोटरी धरते, जरा थांबलं की सुटते.’ अंतर ठरलेलं असतं: बांधापासून विहिरीपर्यंत, एसटी स्टँडपासून बाजारापर्यंत. त्याला सांगतात की कमरेची नस दबली आहे, मणक्याचा एमआरआय काढा. मणक्यामुळेही असं होतं, हे खरं. पण त्या माणसाला चालून नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं, वाकावं किंवा बसावं लागत नाही. हे विचारायला आणि पायाला हात लावायला एमआरआय लागत नाही. विडी ओढणारा तिशी-पस्तिशीचा असेल तर १९०८ साली लिओ बुर्गरने वर्णन केलेल्या आजाराची शंका घ्यायची. असा माणूस रात्री बाजेवरून पाय खाली सोडून बसतो, कारण लोंबता ठेवला की दुखणं थोडं उतरतं. पाय वर उचलला की पांढराफटक, खाली सोडला की तांबडा-जांभळा. विडी सुटली तर पाय वाचायची आशा असते. नाही सुटली तर आधी बोट, मग पाऊल, मग गुडघा.

मधुमेहात धमन्या बुजतात त्या मुख्यतः गुडघ्याखाली, टिबियल धमन्यांच्या पट्ट्यात. पावलातल्या धमन्या कित्येकदा बऱ्या असतात, म्हणून पार पावलापर्यंत बायपास करून पाय वाचवता येतो. त्यात पायाची संवेदनाही गेलेली असते. आता भद्रा मारुतीच्या वाटेवरच्या तळव्यांकडे येते. वैशाखात वेरूळच्या घृष्णेश्वराच्या आवारात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणारा मधुमेही आणि खुलताबादच्या डांबरी रस्त्यावर पायी निघालेला मधुमेही, दोघांनाही फोड आल्याचं घरी आल्यावरच कळतं. कळल्यावर हळद लावतात. श्रद्धेला माझा विरोध नाही. मोजे घालून जा, आल्यावर तळवे आरशात बघा, एवढंच म्हणणं आहे.

आणि या सगळ्यात सर्वांत घातक चूक होते ती जखमेला करकचून पट्टी बांधण्याची. घोट्याच्या आतल्या अंगाला वर, ओलसर, काळवंडलेल्या कातडीतली जखम बहुधा नीलांची. तिला दाबपट्टीच औषध. बोटाच्या टोकावरची, कोरडी, फार दुखणारी जखम धमन्यांची. तिला दाबपट्टी म्हणजे उरलंसुरलं रक्तही बंद. फरक ठरवायला नाडी बघावी लागते, आणि ती बघायची कुठे हे आपलं शास्त्र सांगतं, दुसरं कोणतंही नाही. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर ओढला की जी दोरी उठते तिच्या बाहेरच्या अंगाला डॉर्सालिस पेडिस. आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाच यांच्या मध्यावर पोस्टीरियर टिबियल. बोटं हलकी ठेवायची. जोराने दाबलं तर आपल्याच बोटाची धडधड मोजून मोकळे होतो.

इथे वैविध्याचा धडा कामाला येतो. काही निरोगी माणसांत डॉर्सालिस पेडिस बारीक असते किंवा पावलाला रक्त पेरोनियल धमनीच्या फांदीकडून मिळतं, तेव्हा ती एकटी न लागणं हा आजार नव्हे. पोस्टीरियर टिबियलही लागली नाही तर सावध व्हायचं. हातातही तेच. शंभरातल्या दहा-पंधरा जणांत रेडियल धमनी कोपराच्या वरच, दंडात फुटते. अल्नर धमनी कधी कातडीलगत धावते, आणि शीर समजून तिच्यात इंजेक्शन गेलं तर बोटं जाऊ शकतात. हे आपण ‘क्वचित आढळणारे प्रकार’ म्हणून धड्याच्या शेवटी बारीक टायपात टाकतो आणि विद्यार्थी ते गाळतात. सुई टोचणाऱ्याला पहिल्याच दिवशी हे माहीत हवं.

घोट्यावरचा दाब भागिले दंडावरचा दाब, हे गुणोत्तर ०.९ च्या खाली गेलं तर धमनीत अडथळा आहे असं धरतात. चांगली चाचणी आहे. पण मधुमेह्याची कॅल्शियम साचलेली धमनी पट्ट्याने दबतच नाही आणि आकडा खोटाच चांगला येतो. ज्याने ती करकर स्वतः ऐकली आहे, त्याला हे पाठ करावं लागत नाही.

वेळ नाही, असं तुम्ही म्हणाल. १९९७ साली पहिल्या वर्षाचे अठरा महिने बारा झाले, तेव्हापासून आपण हेच म्हणत आहोत, आणि ते खोटंही नाही. ब्रॅकियल प्लेक्सस शिकवायला पुरेसा वेळ मिळत नाही, तिथे ही नवी बाई काय मागते आहे, असं कोणाच्या मनात असेल तर रास्त आहे. पण दोन्ही पायांच्या चार नाड्या बघायला दोन मिनिटं लागतात. इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे घाटीत, १९५६ पासून शिकवणं चालू आहे. तिथे काय किंवा राज्यातल्या कुठल्याही महाविद्यालयात काय, शवविच्छेदनाच्या टेबलापासून मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत चालत जाता येतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना तिथे आठवड्यातून एकदा न्यायला कोणत्याही परिषदेची परवानगी लागत नाही. आणि गावोगावच्या आशा स्वयंसेविकांना घोट्यामागची नाडी शोधायला शिकवायची असेल, तर ते मराठीत, त्यांच्याच पायावर हात ठेवून शिकवावं लागेल. स्लाइडवर ती नाडी लागत नाही.

उद्याच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे: प्रात्यक्षिक परीक्षेत जारमधल्या नमुन्यांबरोबर एक टेबल जिवंत पायाचं असावं, विद्यार्थ्याने दोन्ही नाड्या शोधून दाखवाव्यात, आणि न लागल्यास त्याची कारणं सांगावीत. सूचक मी, अनुमोदक अजून मिळालेला नाही. दुपारच्या सत्रात आधी आपणच एकमेकांच्या नाड्या बघणार आहोत, तेव्हा जेवणानंतर येताना सहज निघतील असे बूट घालून या.