टेकडीवरून दिसणारे डंडी



गावात हिंडताना घरे दिसतात. टेकडीवर चढले की गावाने काय राखले आणि काय पुसले, तेही दिसते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या खाडीकाठी डंडी हे शहर आहे. त्याच्या मध्यावरच सुमारे ५७० फूट उंचीची लॉ नावाची टेकडी. चला, मनाने तिच्या माथ्यावर उभे राहू.

समोर दक्षिणेला टेचे रुंद पात्र. उजव्या हाताला आगगाडीचा पूल आहे, तो १८८७ सालचा. त्याच्या कडेने पाण्यातून खांबांचे बुंधे डोकी वर काढून ओळीने उभे आहेत. ते आधीच्या पुलाचे. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात तो पूल आगगाडीसकट कोसळला. गाडीतला एकही माणूस वाचला नाही. बुंधे मात्र राहिले. कच्च्या कामाची किंमत काय पडते, ते सांगत.

डाव्या हाताला १९६६ चा मोटारींचा पूल. त्याच्या रस्त्यासाठी जुन्या गोद्या बुजवल्या. व्हिक्टोरिया राणीच्या भेटीची दगडी कमान १९६४ मध्ये पाडून तिचे दगडही भरावात घातले. आता तिथे तिची खूणसुद्धा दिसत नाही.

आता उजवीकडे वळा. पश्चिमेला रंगीत विटांचे २८२ फुटी धुराडे दिसेल. ते तागाच्या गिरणीचे. ताग यायचा कुठून? तेव्हाच्या अखंड बंगालमधून! शेतकऱ्याने पाण्यात कुजवून सोललेला तो ताग इथे देवमाशाच्या तेलाने मऊ करीत, आणि गिरण्यांत राबत त्या मुख्यतः बाया. पुढे हुगळीकाठी गिरण्या वाढल्या, डंडीचा धंदा ओसरला. धूर गेला, धुराडे राहिले.

नदीकाठी मात्र नवी वस्ती उजळली आहे. याच शहरात बांधलेले, १९०१ मध्ये पाण्यात सोडलेले ‘डिस्कव्हरी’ जहाज तिथे उभे आहे. दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेसाठी ते बांधले होते. शेजारी जपानी वास्तुकार केंगो कुमा यांनी आखलेले, २०१८ मध्ये उघडलेले कलासंग्रहालय.

गुरुजनहो, पाडलेली कमान परत येत नाही. राखलेले धुराडे मात्र बंगालच्या शेतापर्यंतची गोष्ट सांगते. भूगोलाच्या तासाला मुलांना एकदा जवळच्या टेकडीवर न्या. खाली बोट दाखवून विचारा, “इथे पूर्वी काय होते रे?” उत्तर आले नाही, तर घरच्या म्हाताऱ्यांना विचारून यायला सांगा.