समाधानाची खूण करण्यापूर्वी

(मानसिक रुग्णांच्या आप्तस्वकीयांच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



रुग्णालयातून आपला माणूस घरी नेताना कित्येकदा आपल्या हाती एक छापील कागद देतात. 'येथील व्यवस्थेविषयी आपण समाधानी आहात काय?' असा त्यावर प्रश्न असतो. जेवण बरे होते, खोली स्वच्छ होती, परिचारिका रागावत नव्हत्या. आपण 'समाधानी' या शब्दापुढे खूण करतो आणि रिक्षा बोलावतो. ही खूण करताना आपण नेमके कशाचे समाधान नोंदवतो, याचा आज थोडा विचार करू या.

मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाला ऐन तारुण्यात छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया जडला. पहिल्यांदा त्याला एका रुग्णालयात दाखल केले, तेव्हा तीन आठवड्यांनी तो शांत होऊन घरी आला. आम्ही समाधानाची खूण केली. सोबत गोळ्यांची चिठ्ठी होती. पण त्या किती काळ घ्यायच्या, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. काही दिवसांनी त्याचे हात थरथरू लागले. आईला वाटले, अशक्तपणा आला, औषध सोसत नाही. तो पूर्वीसारखा बोलू-हसू लागलाच होता. तिने मायेपोटी गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत त्याला पुन्हा दाखल करावे लागले.

हे दुसरे रुग्णालय जुन्या इमारतीत होते. तेथील चहा पाणचट होता. पण तेथील समाजसेविका आईजवळ तासभर बसल्या. "हा थरकाप औषधामुळे आहे. डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहे, पण गोळी आपल्या मनाने थांबवू नका," असे त्यांनी सांगितले. झोप उडणे, एकटेच पुटपुटणे, घरच्यांचा संशय घेणे, ही आजार पुन्हा डोके वर काढत असल्याची चिन्हे त्यांनी समजावून दिली. शेवटी त्यांनी विचारले, "आई, तुम्हाला स्वतःला रात्री झोप लागते का?" आईला हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आले. आमचे खरे समाधान त्या एका तासाचे होते.

कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याची ही रीत आपल्या देशात नवी नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहू दिले. आजार कसा ओळखावा, रुग्णाशी कसे वागावे, हे कुटुंब तेथेच शिकले. पुढे वेल्लोर व बंगळुरू येथील संस्थांनीही कुटुंबीयांसह राहण्याची व्यवस्था केली. घर हे उपचाराचेच एक अंग आहे, हा त्यामागील विचार होता.

पण आपणही आपले अंतःकरण तपासले पाहिजे. रुग्ण आत गेला आणि घर शांत झाले, हेही एक समाधानच असते. ते घातक आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथील एका आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात मृत्युमुखी पडले. त्यांच्यापैकी अनेकांना त्यांच्या आप्तांनीच तेथे आणून ठेवले होते. म्हणून रुग्णाचा सन्मान जेथे राखला जात नाही, तेथे नातेवाइकांच्या समाधानाला काडीचेही मोल नाही.

२९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, म्हणजे २०१७ च्या कायद्याने, रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आजाराचे स्वरूप, उपचार व त्यांचे दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला व त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला दिला आहे. रुग्णाला घरी सोडताना तो ज्यांच्याकडे राहणार, त्या कुटुंबीयांशीही पुढील उपचारांविषयी विचारविनिमय व्हावा, असे हा कायदा सांगतो. डॉक्टरांवर कामाचा बोजा असतो, हे मान्य. तरीही ही दहा मिनिटे म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे.

म्हणून माझी विनंती एवढीच की, खूण करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. गोळ्या किती काळ घ्यायच्या? त्यांचा त्रास झाला तर काय करायचे? आजार उलटत असल्याचे कसे ओळखायचे? आणि अडीअडचणीला कोणाला गाठायचे? ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक घरात लिहून ठेवा.

माझा भाऊ आज एका दुकानाचे हिशेब लिहितो. गोळ्या चालू आहेत. हातही आता थरथरत नाही. आईला रात्री झोप लागते. समाधान म्हणावे ते याला.