शून्य ते सहाचा रकाना



५ मे हा जपानचा बालदिन. त्याच सुमारास तिथलं सरकार पंधरा वर्षांखालच्या मुलांची संख्या जाहीर करतं. ऐन सणात वाईट बातमी द्यायची ही शिस्त जपान्यांनीच पाळावी! १९८२ पासून हा आकडा दरवर्षी घसरतो आहे. १९५४ मध्ये जवळपास ३ कोटी मुलं होती, २०२५ मध्ये सुमारे १ कोटी ३७ लाख उरली. ओजी होल्डिंग्ज ही तिथली मोठी कागद कंपनी. २००१ मध्ये ती वर्षाला ७० कोटी बाळडायपर करत होती. ते ४० कोटींवर आले, तेव्हा २०२४ मध्ये जपानपुरतं हे उत्पादन बंद करायचं ठरलं आणि कंपनीने म्हाताऱ्या माणसांच्या डायपरकडे मोर्चा वळवला. मागणी कशी सरकते हे अर्थशास्त्राच्या वर्गात सांगायला याहून बरं उदाहरण मला मिळालेलं नाही.

चीनने पस्तीस वर्षं एकाच मुलाची सक्ती केली. २०१६ मध्ये दुसऱ्याला परवानगी दिली, २०२१ मध्ये तिसऱ्याला. त्या २०१६ साली पावणेदोन कोटींहून अधिक बाळं जन्मली, २०२३ मध्ये फक्त ९० लाख. दक्षिण कोरियाने तर मुलं वाढावीत म्हणून पैसा ओतला, तरी २०२३ चा जननदर, म्हणजे एका बाईमागची सरासरी मुलं, ०.७२ इतका खाली आला. अमेरिकेत १९६० मध्ये तीन माणसांमागे एकाहून जास्त अठरा वर्षांखालचं होतं, २०२० मध्ये पाचात एक, थोडं वर. धोरणं वेगवेगळी, दिशा एकच.

या घसरणीला संकट म्हणायची आपल्या मंडळींना घाई झाली आहे. मला ते पटत नाही. भारतात १९७१ मध्ये हजार बाळांतली १२९ पहिल्या वाढदिवसाआधी जात. आज हा आकडा पंचविसाच्या आसपास आहे. झालेलं मूल जगणार हा भरवसा आला आणि बाईच्या हाती निर्णय थोडाफार आला, की घरं आपोआप लहान होतात. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांच्या वाट्याला टिंगलच आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ होता आणि गोव्याचा १.३. कर्वे जिंकले, एवढं तरी आपण मोकळेपणाने म्हणावं.

मात्र या विजयाला एक काळी किनार आहे. मुलं कमी हवीत, पण त्यात मुलगा हवाच, या हट्टाने गर्भातच मुली मारल्या. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. गर्भाचं लिंग ओळखायला सोनोग्राफी यंत्र वापरणाऱ्यांत शिकलेली, सुस्थितीतली घरंही होती. नुसतं उत्पन्न वाढून समाज सुधारतो असं शिकवताना हा आकडा समोर ठेवावा.

त्याच जनगणनेतला दुसरा आकडा फारसा कुणी वाचला नाही. २००१ ते २०११ या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या दीड कोटीने वाढली. सहा वर्षांपर्यंतची मुलं मात्र १ कोटी ३७ लाखांवरून १ कोटी ३३ लाखांवर आली. म्हणजे आपल्याकडे घट पुढे कधी होणार असं नाही, ती झालीच आहे. तरीही आपल्या कितीतरी वर्गांत अजून लोकसंख्येच्या विस्फोटाचाच धडा घोकून घेतला जातो. तो बदला, असं मी स्पष्ट सांगतो.

पट कमी झाला की शाळा बंद करायची, हा आपल्या राज्यातला सोपा हिशेब आहे. पट घटतो तो काही केवळ जन्म कमी झाल्याने नाही. ऊसतोडीला गेलेलं बिऱ्हाड आणि गावाच्या वेशीवर उभी राहणारी इंग्रजी शाळेची पिवळी बसही त्याला कारण आहे. मुलं कमी होतात तेव्हा तेवढ्याच पैशात प्रत्येकावर जास्त खर्च करता येतो. जपानला ही संधी श्रीमंत झाल्यावर मिळाली, आपल्याला त्याआधीच मिळते आहे. ती शाळा बंद करून वाचलेल्या पगाराच्या रकमेत घालवली, तर उद्या म्हाताऱ्यांना पोसणारे हात थोडे असतील आणि अर्धशिक्षितही.

२०२७ ची जनगणना येते आहे. आकडे हाती आले की आपापल्या तालुक्याचा शून्य ते सहाचा रकाना आधी काढा, मुलगे आणि मुली वेगळे मांडा, शेजारी अंगणवाड्या आणि शाळांची संख्या लिहा आणि तो कागद घेऊन जिल्हा परिषदेच्या अर्थसंकल्पी सभेआधी सदस्यांना भेटा.