रक्तातल्या औषधाचे माप

डॉक्टर गोळी लिहून देतात ती मिलिग्रॅमच्या हिशेबाने. पण गुण येतो तो गोळीतले जेवढे औषध रक्तात टिकते तेवढ्याने. ते किती टिकेल, हे ज्याच्या त्याच्या यकृतावर अवलंबून असते. म्हणून एकच मात्रा घेणाऱ्या दोघांच्या रक्तात औषध सारखे सापडत नाही.

क्लोझापिन हे छिन्नमनस्कतेवरचे, म्हणजे स्किझोफ्रेनियावरचे औषध घ्या. इतर औषधांनी गुण आला नाही की याची पाळी येते. दर मिलिलिटर रक्तद्रवात ते सुमारे ३५० नॅनोग्रॅम असले, तर उतार पडण्याचा संभव वाढतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतके थोडे मोजायचे तरी कसे?

मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने खडूची भुकटी भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला, तेव्हा त्यातले हिरवे-पिवळे रंग पट्ट्यापट्ट्यांनी वेगळे झाले. या रीतीला त्याने १९०६ साली क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. आजचे यंत्र हे तिचेच पुढचे रूप.

शेवटच्या मात्रेनंतर सुमारे १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी, रक्त काढतात. ते गरगर फिरवले की पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर रक्तद्रव राहतो. त्यातली प्रथिने काढून टाकतात आणि उरलेला द्रव बारीक कणांनी ठासून भरलेल्या पोलादी नळीतून पंपाने, मोठ्या दाबाखाली, लोटतात. जत्रेत दुकानादुकानाशी रेंगाळणारा मागे पडतो आणि सरळ चालणारा पुढे निघतो, तसेच इथे घडते. कणांना चिकटणारे पदार्थ उशिरा बाहेर येतात, न चिकटणारे लवकर. प्रत्येकाची वेळ ठरलेली. बाहेर पडताना प्रकाश किती शोषला गेला किंवा रेणूचे वस्तुमान किती, हे पाहून औषध ओळखतात. मग ठाऊक प्रमाणाच्या नमुन्यांशी ताडून त्याचे माप सांगतात.

आता हा खटाटोप कशासाठी? रोग उलटला की घरची माणसे प्रथम रोग्यालाच धरतात, ‘गोळ्या चुकवल्यास ना?’ पण तो बिचारा खरे बोलत असेल. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिनचा निकाल लवकर लावते आणि रक्तातले प्रमाण घटते. हा गुण धुराचा, निकोटिनचा नव्हे. उलट, रुग्णालयात दाखल झाल्यावर धूम्रपान एकदम सुटले, तर तीच मात्रा रक्तात साचत जाते. मग ग्लानी येते, प्रसंगी झटकेही येतात. माप केले तर हे वेळीच कळते.

अर्थात आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे. क्लोझापिनने काहींच्या पांढऱ्या पेशी घटतात. त्यांची मोजणी वेगळी करावी लागते. कमी आकडा गोळी चुकल्याचा की यकृताच्या घाईचा, हेही रोग्याला प्रेमाने विचारूनच ठरवायचे.

तेव्हा घरात असे औषध घेणारे कोणी असेल, तर त्याला विडी सोडायला अवश्य सांगा. मात्र ती डॉक्टरांना सांगून सोडू द्या, म्हणजे मात्रा किती कमी करायची ते रक्त तपासून ठरवता येईल.