पडला, पाडला, की पडून घेतले?

वाचकहो, आपली मराठी मोठी चतुर आहे. फुटबॉलच्या मैदानात एखादा गडी गोलासमोर आडवा झाला, की त्या एकाच घटनेसाठी तिच्याकडे तीन वाक्ये तयार असतात. तो पडला, त्याला पाडला, त्याने पडून घेतले. पहिल्या वाक्यात दोष कोणाचाच नाही. दुसऱ्यात तो बचाव करणाऱ्याचा आहे आणि तिसऱ्यात पडणाऱ्याचा. ज्याच्या हाती शिट्टी आहे त्या पंचाला डोळ्याचे पाते लवते न लवते तोच या तिनांतले एक वाक्य निवडावे लागते. त्या निवडीवर कधी सामना, कधी करंडक, तर कधी एखाद्या खेळाडूची अब्रू अवलंबून असते. त्या निवडीविषयीच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

कोणी म्हणेल, हा काय विषय झाला? पण भिंगारला राहणारा माणूस तसे म्हणणार नाही. आमच्याकडे एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला लष्कराची छावणी. त्यामुळे चेंडूला पाय मारणारी पोरे आणि त्यावर मत देणारी थोर मंडळी, दोहोंचीही वाण नाही. सामना दीड तासात आटोपतो. वाद मात्र चहाच्या गाडीपाशी दिवेलागणीपर्यंत चालतो. "अरे, त्याला शिवलासुद्धा नाही!" "तू कुठं होतास? टाच लागली, टाच!" दोघेही शपथेवर बोलत असतात आणि दोघेही खोटे बोलत नसतात. मी पडलो तर्कशास्त्राचा मास्तर. वाद दिसला की मुळात मतभेद कोठे आहे, ते शोधण्याची मला खोड आहे. तसा शोध घेतला तर असे दिसते, की या वादात एक नव्हे, तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पाय लागला का? लागला असेल तर तो अपराध होता का? आणि पडणाऱ्याच्या मनात काय होते? पहिला प्रश्न डोळ्यांचा, दुसरा कायद्याचा, तिसरा अंतःकरणाचा. आपण पहिल्याचे उत्तर देतो आणि तिसऱ्याचा निकाल लागला असे समजतो.

थोडा इतिहास पाहू. पेनल्टीची कल्पना आयर्लंडमधल्या विल्यम मॅक्रम या गृहस्थांची. मौज अशी, की ते स्वतः गोली होते! २ जून १८९१ रोजी ती नियमांत आली. त्याच १८९१ साली मुंबईत रोव्हर्स करंडकाचे सामने सुरू झाले आणि पहिला करंडक वूस्टरशर पलटणीच्या गोऱ्या शिपायांनी जिंकला. म्हणजे आपल्या मुलखातली फुटबॉलची ही जुनी स्पर्धा आणि पेनल्टी या जुळ्या बहिणीच म्हणावयाच्या. पेनल्टी आली तेव्हा काही प्रतिष्ठित खेळाडूंना ती अपमानास्पद वाटली. सभ्य माणूस मुद्दाम कोणाला पाडील, हे गृहीत धरणेच त्यांना रुचले नाही. पण पाडणाऱ्याला शिक्षा ठेवली, की आज ना उद्या कोणी पाडल्याचे सोंग आणील, हेही ओघानेच आले. सोंगाला पिवळे कार्ड दाखवावे असे नियमात स्पष्ट लिहिले गेले ते १९९९ साली, म्हणजे शंभरावर वर्षांनी.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. फुटबॉलचा बारावा नियम वाचला तर चहाच्या गाडीपाशी होणारे निम्मे वाद जागीच मिटतील. प्रतिपक्षाच्या गड्याला लाथ मारणे किंवा पायात पाय घालून पाडणे हा अपराध आहेच. पण तसा प्रयत्न करणे हाही अपराधच आहे. म्हणजे "शिवलासुद्धा नाही" एवढ्याने पेनल्टी चूक ठरत नाही. उलट, पाय लागला एवढ्याने ती बरोबरही ठरत नाही. ती कृती निष्काळजीपणाची, बेदरकार किंवा वाजवीपेक्षा जास्त जोराची असावी लागते. फुटबॉल हा धक्क्याधक्क्यीचा खेळ आहे. दोघे एका चेंडूसाठी धावले की अंगाला अंग लागायचेच. तेव्हा गडी पडला, अपराध कोणाचाच नाही, पेनल्टी नाही आणि कार्डही नाही, "खेळ चालू द्या", असाही एक निकाल असतो. तो आपल्याला सुचतच नाही. आपल्याला गुन्हेगार हवा असतो. मग तो इकडचा असो वा तिकडचा.

एक गाजलेला खटला सांगतो. खटला हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. २६ ऑगस्ट २००९ रोजी लंडनच्या आर्सेनल संघाचा स्कॉटलंडच्या सेल्टिकशी सामना होता. आर्सेनलचा एदुआर्दो चेंडू घेऊन गोलाकडे निघाला. सेल्टिकचा गोली बोरुत्स पुढे झेपावला, एदुआर्दो पडला, पंचांनी पेनल्टी दिली आणि त्याने स्वतःच गोल केला. चित्रफितीत गोलीचा स्पर्श काही दिसेना. गहजब झाला. युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, पंचाला फसवल्याबद्दल त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी घातली. आर्सेनलने अपील केले आणि त्याच सप्टेंबर महिन्यात बंदी उठली. पंचांची फसवणूक झाली हे समाधानकारकरीत्या सिद्ध झाले नाही, असा अपिलाचा निर्णय होता.

पण या एदुआर्दोची आणखी एक हकीकत आहे. दीड वर्षापूर्वी, २३ फेब्रुवारी २००८ रोजी, बर्मिंगहॅमच्या मैदानावर प्रतिपक्षाच्या गड्याने चेंडूसाठी घातलेल्या पायाने याचा डावा पाय मोडला होता. जवळजवळ वर्षभर तो मैदानाबाहेर होता. आता तुम्हीच विचार करा. एकदा ज्याचे हाड मोडले आहे, त्याच्या पायांवर समोरून कोणी झेप घेताना दिसले तर त्याचे शरीर काय करील? विस्तवाने पोळलेला हात जसा आपोआप मागे येतो, तसे ते आपोआप उडी मारील. मग ती लबाडी की धास्ती? तो निर्दोष होता असे माझे म्हणणे नाही. चित्रफीत शंभरदा पाहिली तरी तिच्यात धास्ती वेगळी आणि लबाडी वेगळी दिसत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा मासला २०१४ च्या विश्वचषकातला. २९ जून रोजी मेक्सिकोचा संघ अठ्ठ्याऐंशी मिनिटांपर्यंत नेदरलँड्सच्या पुढे होता. बरोबरी झाली आणि जादा वेळेत मेक्सिकोच्या मार्केसचा पाय आडवा आल्यावर रॉबेन पडला. पेनल्टीवर गोल झाला आणि मेक्सिको स्पर्धेतून बाद! सामन्यानंतर रॉबेनने एक विचित्र कबुली दिली. पहिल्या डावात आपण एकदा मुद्दाम पडलो, त्याबद्दल क्षमा असावी. पण शेवटची पेनल्टी खरी होती, असे तो म्हणाला. यावर मेक्सिकोत कोण विश्वास ठेवणार? "पेनल्टी नव्हती" ही त्या देशात जणू म्हणच होऊन बसली. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. तिच्यातला खरा मुद्दा हाच, की शेवटी लांडगा खरोखरच येतो.

हल्ली चित्रफीत पाहून निर्णय देणारे साहाय्यक पंच आले आहेत. २०१८ च्या विश्वचषकापासून आपण त्यांना पाहतो आहोत. त्यांनी पुष्कळ सोंगे उघडी पाडली. त्याच स्पर्धेत कोस्टारिकाविरुद्ध नेमार पडला तेव्हा दिलेली पेनल्टी पंचांनी चित्रफीत पाहून मागे घेतली. पण यंत्रालाही मर्यादा आहे. संथ चित्रफितीत स्पर्श कोठे झाला ते कळते, जोर किती होता ते कळत नाही. म्हणून जोर जोखताना चित्रफीत मूळ वेगानेच पाहावी, असे पंचांना सांगितलेले असते. आणि भिंगारच्या मैदानावर ना कॅमेरे, ना पडदे! तेथे एक पंच, दोन रेषापंच आणि खेळणाऱ्याची सचोटी, एवढीच सामग्री.

सचोटीचे नाव काढले की लोक हसतात. पण दाखले आहेत. १९९७ साली आर्सेनलविरुद्ध खेळताना लिव्हरपूलचा रॉबी फाउलर पडला आणि पेनल्टी मिळाली. गोलीने आपल्याला पाडले नाही, असे त्याने स्वतःच पंचांना सांगितले. पंचांनी ऐकले नाही, ही गोष्ट निराळी. २०१४ साली जर्मनीत आरोन हुंटने असेच सांगितले, तेव्हा पंचांनी निर्णय फिरवला. आपल्या घरचा दाखला क्रिकेटचा आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर इंग्लंडच्या बॉब टेलरला झेलबाद दिले होते. चेंडू बॅटला लागला नव्हता असे वाटून आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याने त्याला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी पुढे १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. सचोटी फुकट मिळत नाही, हे पोरांना सांगताना लपवू नये. तिची किंमत सांगूनच ती शिकवावी.

कारण सोंगाची किंमत कोणीतरी भरतोच. फक्त तो दुसरा असतो. आज एकाने पडून घेतले आणि ते खपले, तर उद्या ज्याचा घोटा खरोखर मुरगळला आहे त्याच्याकडे पाहून प्रेक्षक ओरडतात, "ऊठ रे, नाटकं पुरे!" पंच पाठ फिरवतो. पोरगा लंगडत उठतो, तसाच खेळतो आणि दुखणे कायमचे होऊन बसते. नुकसान होते ते असे.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी गोलासमोर कोणी आडवा झाला, तर निकाल देण्यापूर्वी तीन प्रश्न ओळीने विचारा. काय दिसले? नियम काय म्हणतो? मनातले मला खरोखर कळते आहे का? तिसऱ्याचे उत्तर बहुधा "नाही" असे येईल. तेव्हा "पेनल्टी नव्हती" असे खुशाल म्हणा. "लबाड आहे" असे म्हणण्याची घाई करू नका. आणि तुमच्या हाताखाली मुले खेळत असतील तर त्यांना एवढे अवश्य सांगा, की पंच विचारो न विचारो, आपल्याला कोणी पाडले नसेल तर उठावे आणि खेळू लागावे. गडी पडला असेल तर मात्र आधी त्याला हात द्यावा. वादाला संध्याकाळ आहेच.